संगणकाचं कपाळ

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर बंद केला की चालू व्हायचा आणि चालू असला की बंद पडायचा. बाकी त्याच्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. (हे वाक्य मी त्या काळात ओळख नसलेल्या माणसांनाही ऐकवायचो.) तुकोगंजमधल्या एका क्लासात कोर्स करून मी सर्टिफिकेट मिळवलं होतं. आईने ते देवघराच्या वरच्या भिंतीवर लावलं होतं, त्यामुळे रोज सकाळी देवांबरोबर त्यालाही उदबत्ती मिळायची. रोज ओवाळून घेणाऱ्या माणसाला आपण इंजिनिअर आहोत असं वाटायला लागलं, तर त्यात त्याचा काय दोष!

देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या इंदुरात मात्र एकेका मिलचं दार बंद होत होतं. बाबा मिलच्या ऑफिसात हेड टायपिस्ट होते. इंग्रजी, हिंदी, मराठी, सगळ्या मशिनींवर त्यांचे हात असे चालायचे की पलीकडच्या खोलीतल्या साहेबांना वाटायचं, लूम खात्याचं दार कोणीतरी उघडं ठेवलंय. मिल बंद झाली, भोंगा थांबला आणि बाबा रामबागेतल्या आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागले. भोंग्याची वेळ झाली की ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, आणि घड्याळ बरोबर आहे की नाही हे सांगणारं आता कोणी नाही म्हणून हात पुन्हा खाली ठेवायचे. मला ते बघवायचं नाही.

अशात एक दिवस पुराणिक काका आले. काका म्हणजे आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी.

"कानडेजी, तुमचे चिरंजीव कॉम्प्युटर बनवून राहिले म्हणे! मग मंडळाची स्मरणिका तुम्हीच टाइप करा ना. दिवाळीनंतर स्नेहसंमेलन है. जमलं तर दर वर्षी तुम्हीच. नाही जमलं तर प्रेसवाला हैच, टेन्शन नका घेऊ."

बाबा नुसतंच "बघतो" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेला त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ज्या टेबलावर कॉम्प्युटर अजून यायचा होता त्या रिकाम्या टेबलासमोर जाऊन बसले. आईने डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "आता लवकर बनव रे बाबा ते काय असेल ते!"

सगळे भाग मी जेल रोडवरच्या बंटी भियाच्या दुकानातून आणले. बंटी भियाचा व्यवहार रोखठोक होता. "देखो भिया, डब्बा अपना, दिमाग तुम्हारा, गारंटी किसी की नहीं!" मी हसलो. ज्याच्या सर्टिफिकेटला रोज उदबत्ती मिळते त्याला गॅरंटीची काय गरज?

खंडेनवमीला कॉम्प्युटर तयार झाला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा असते. बाबांच्या मिलमध्ये तर प्रत्येक मशीनला हार पडायचा. आईने पाट मांडला. विळी, पक्कड, बाबांचा जुना टाइपरायटर आणि मधोमध माझा कॉम्प्युटर, अशी मंडळी बसली. आईने गंधाची वाटी घेतली आणि कॉम्प्युटरसमोर येऊन अडली.

"काय रे मिलिंद, याचं कपाळ कुठलं?"

प्रश्न तांत्रिक होता आणि घरात तांत्रिक माणूस मीच होतो. मी क्षणभर विचार केला आणि डब्याच्या समोरच्या बाजूला मधोमध असलेलं मोठं गोल बटण दाखवलं. "हे. इथूनच तो सुरू होतो."

"मग तूच लाव. तू बनवलाय ना!"

मी अंगठ्याने घसघशीत गंध लावलं आणि एकही दाणा खाली पडू नये म्हणून अक्षता चांगल्या दाबून बसवल्या. अंगठा दाबला तसा कॉम्प्युटर घरघर करत सुरूच झाला! आईने हात जोडले, बाबांनी खोबऱ्याचा प्रसाद दिला, आणि मी शास्त्रज्ञाने हसावं तसं जरासंच हसलो.

त्याच संध्याकाळी बाबांनी हाक मारली.

"मिलिंद, मी ह्याला बंद केला होता."

"मग?"

"तो उठला."

मी जाऊन पाहिलं. पडदा लख्ख उजळला होता. मी रीतसर बंद केला. पडदा काळा झाला, पंखा थांबला. आम्ही तिघं वाट बघत उभे राहिलो. काही नाही. आई आत जायला वळली, रस्त्यावरून एक टेंपो खडखडत गेला, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू!

"तान्ह्या पोराचं असंच असतं," आई म्हणाली. "आवाज झाला की उठतं."

शेवटी तिनेच भिंतीतला प्लग उपटला. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी कॉम्प्युटर बंद करायची हीच अधिकृत पद्धत होती.

उठायची सवय परवडली असती, पण दुसऱ्या दिवशी तो झोपायलाही लागला. बाबा अध्यक्षांचं मनोगत टाइप करत होते. ओळ संपली, त्यांनी जुन्या सवयीने जोरात बटण हाणलं आणि अध्यक्ष वाक्याच्या मध्येच अंतर्धान पावले. बाबांनी पुन्हा टाइप केलं. अध्यक्ष पुन्हा गेले! मी येऊन बसलो आणि हलक्या हाताने टाइप केलं, तर कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालला.

"बिजली गेली का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही, अध्यक्ष गेले," बाबा म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला आणि डब्याकडे बघत राहिले. "आमच्याकडे मिलमध्ये मशीन बंद पडलं की मास्तर आधी एकच विचारायचे, शेवटचा हात कोणाचा लागला?"

"बाबा, हे मिलचं मशीन नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा म्हणालो की आई देखील माझ्याबरोबर म्हणायला लागली.)

माझं निदान ठरलं होतं: पॉवर सप्लाय. दिवाणावर चादर पसरून मी ऑपरेशन मांडलं. आधी डब्याचा समोरचा प्लास्टिकचा मुखवटा ओढून काढायचा, मग बाजूचे पत्रे, मग पोट उघडं. मुखवट्याबरोबर गोल बटणही निघून यायचं, आणि मग आतल्या छोट्याशा खटक्याला थेट बोट लावून कॉम्प्युटर सुरू करायचा. बंटी भियाकडून नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. सुरू केला. झकास! दिवाणावर बाबांनी उड्या मारल्यासारखं टाइप केलं तरी हूं की चूं नाही. रीतसर बंद केला, बंद झाला. मी पत्रे लावले, मुखवटा बसवला आणि हात झटकले.

"उघडलं होतंस ना त्याला?" आई म्हणाली. "मग असाच नको सुरू करू. गंध-अक्षता लाव परत."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण इतक्या मेहनतीनंतर उगीच कशाला जोखीम, म्हणून लावल्या. नीट दाबून.

संध्याकाळी अध्यक्ष पुन्हा गेले.

आता मला राग येण्याऐवजी कुतूहलच वाटायला लागलं. उघडा असला की चालतो, मिटला की बिघडतो. म्हणजे काय? म्हणजे गरम होतो! मी आजूबाजूचे पत्रे काढून ठेवले, मुखवटा मात्र शोभेसाठी राहू दिला, आणि शेजारी टेबलफॅन लावला. कॉम्प्युटर थंडगार झाला. स्मरणिकेसाठी आलेल्या कविता घरभर उडाल्या, एक शेजारच्यांच्या वरणात पडली, आणि कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडलाच.

मग मी अर्थिंगवर आलो. खड्डा खणायला अंगणात मऊ जागा एकच होती, तुळशीजवळची. त्यात तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालून मी तार घरात आणली. अर्थिंगला ओल लागते, म्हणून आई तुळशीला पाणी घालताना तिथेही एक तांब्या ओतायची आणि येताजाता हात जोडायची. आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड यायचं.

"आम्ही आंघोळ अर्ध्या बादलीत करून राहिलो," बाबा म्हणाले, "आणि हा जमिनीला पाणी पाजून राहिला!"

पाणी पिऊन अर्थिंग तृप्त झालं. कॉम्प्युटरमध्ये तसूभर फरक नाही.

बंटी भियाला घरी आणला. त्याने दिवाणावर मुखवटा काढलेला कॉम्प्युटर चालवून बघितला आणि चहा पीत निकाल दिला. "भिया, मशीन तो मक्खन है. तुम्हारे घर में कुछ है." आईला हे वाक्य फार पटलं. तिने त्याला आणखी पोहे वाढले आणि तो गेल्यावर कॉम्प्युटरची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आणि मी? मी मुखवटा बसवला, गंध लावलं, अक्षता लावल्या. ह्या खेपेला जरा जास्तच लावल्या, कारण परिस्थिती गंभीर होती.

शेवटी मी ते बोललो जे बोलायला नको होतं. अध्यक्ष पुन्हा एकदा गेले तेव्हा माझा तोल सुटला. "बाबा, तुम्ही बटणं फार जोरात हाणता! हा टाइपरायटर नाही. माझ्या हाताने चालतो ना? मग मशीनमध्ये काही नाही, तुमच्या हातात आहे."

मग बाबा मांजराला गोंजारावं तसं एकेका बोटाने टाइप करायला लागले. ज्या माणसाच्या हातांमुळे साहेबांना लूमचा भास व्हायचा, तो माणूस अक्षर शोधायचा, घाबरत घाबरत टेकवायचा आणि डब्याकडे बघायचा. एक पान व्हायला दुपार गेली, आणि पान झालं तेव्हा टेंपो गेला.

बाबा उठले. "तूच टाइप कर रे. नाहीतर पुराणिकांना सांग, प्रेसवाल्याला द्या म्हणावं. हे नवीन मशीन माझ्या हाताला नाही बसत." आणि ते व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसले. हात मांडीवर पालथे ठेवून. मला फार वाईट वाटलं. मशीन पुन्हा उघडण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी ते पुन्हा उघडलं.

घरात दिवाळीची साफसफाई सुरू झाली होती. दिवाणावर उघडा पडलेला मुखवटा आईच्या दृष्टीने बाकीच्या डब्यांसारखाच एक डबा होता. तिने तो न्हाणीघरात नेला, साबणाच्या पाण्यात भिजत घातला, नारळाच्या शेंडीने घासला आणि पिंपाच्या झाकणाशेजारी उन्हात वाळत टाकला. मी ओरडलो.

"इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती!"

"मग काळी कशाला झाली?" आई म्हणाली.

मुखवटा वाळला, मी बसवला, आणि आईने गंधाची वाटी उचलली तेवढ्यात देवासहून फोन आला. बाबांचे एक चुलत काका गेले. फार वय झालेले, मी त्यांना एकदाच पाहिलेले. आईने वाटी खाली ठेवली. "सुतक लागलं. आता दहा दिवस पूजा नाही. देवाचीही नाही, तुझ्या डब्याचीही नाही."

मी कॉम्प्युटर तसाच सुरू केला, कोऱ्या कपाळाचा.

आणि तो चालला! दिवसभर चालला. बंद केला तर बंद झाला, आणि बंदच राहिला. टेंपोमागून टेंपो गेले, त्याने पापणी उचलली नाही. मी मुद्दाम टेबलाला धक्के दिले. मग व्हरांड्यात जाऊन म्हणालो, "बाबा, जरा जोरात टाइप करून बघा ना."

"कशाला?"

"टेस्टिंग."

बाबा नाखुशीने आले. एक ओळ गोंजारून झाली, दुसरी जरा मोकळी, आणि तिसऱ्या ओळीला त्यांचे हात सुटले! खोली दणाणली. आई पोळी लाटता लाटता दारात येऊन उभी राहिली. अध्यक्ष मनोगत संपवून, सर्वांना शुभेच्छा देऊन, सही करून मोकळे झाले तरी कॉम्प्युटर ढिम्म. सुतकभर बाबा सकाळी शर्ट घालून टेबलाशी बसायचे. कविता झाल्या, अहवाल झाला, जाहिराती झाल्या. शेवटच्या पानावर आभार टाइप करताना मी मागे उभं राहून सांगितलं, "माझं नाव टाका हं. तांत्रिक साहाय्य, चि. मिलिंद कानडे. ठळक."

"का नीट झाला रे हा?" बाबांनी विचारलं.

"अर्थिंग मुरायला वेळ लागतो," मी म्हणालो.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पुराणिक काका फ्लॉपी न्यायला आले. प्रेस दुसऱ्या दिवसापासून दिवाळीसाठी बंद होणार होती, म्हणजे जे काय द्यायचं ते त्याच दिवशी. कॉम्प्युटर बंद होता. सुतक फिटलं होतं, आई न्हाऊन प्रसन्न होती, आणि गंधाची वाटी तयार होती.

"पहिलं काम घराबाहेर जाऊन राहिलं. पूजा करूनच देऊ या."

मी पुढे झालो. पुराणिक काका बघत होते, त्यामुळे जरा साग्रसंगीत केलं. गंध, अक्षता, दाबून. कॉम्प्युटर सुरू झाला. बाबांनी फ्लॉपी घातली, स्मरणिका उघडली, काकांना पहिलं पान दाखवलं. काका म्हणाले, "वा कानडेजी, एकदम प्रेससारखं!" आणि कौतुकाच्या भरात त्यांनी चहाचा कप टेबलावर जरा जोरात ठेवला.

कॉम्प्युटर बंद.

तेवढ्यात रस्त्यावरून टेंपो गेला आणि कॉम्प्युटर आपला आपण चालू! मग काकांनी घाईने कप उचलला, आणि पुन्हा बंद!

"असं होत असेल तर..." काका हळूच म्हणाले, "प्रेसवाला हैच आपला..."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते उठून व्हरांड्यात जाणार. पण बाबांचा हात कीबोर्डला लागलेलाही नव्हता, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी चष्मा नीट केला.

"सुतकात चालत होता. सुतकात काय नव्हतं?"

"पूजा," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. "देवा! म्हणजे कोप?"

"थांब गं. दिवाणावर चालायचा, तेव्हा काय नसायचं? तेव्हाही पूजा नसायची. मिलिंद, शेवटचा हात कोणाचा लागला?"

"बाबा, हे मिलचं..." मी सुरुवात केली. पण तोपर्यंत तिघंही माझ्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा गंधाने ओला होता आणि त्याला एक अक्षत चिकटलेली होती.

बाबांनी टाइपरायटर साफ करायची टाचणी आणली. बटणाच्या कडेची फट कोरली. आधी गंधाचा लगदा आला. मग तांदळाचा एक दाणा आला, गंधात माखलेला, मग त्याच्या मागे दुसरा. बटण श्वास कोंडून बसलं असावं तसं टक्कन बाहेर आलं. म्हणजे तांदळाने ते अर्धवट दाबून धरलेलं असायचं, आणि टेबल जरा हललं की राहिलेलं अर्धं दाबलं जायचं. चालू असला की बंद, बंद असला की चालू! हलक्या हाताने टाइप करणाऱ्या माझ्यासारख्याला हे कधी कळणारच नव्हतं. आणि दर दुरुस्तीनंतर मी न चुकता नवा तांदूळ भरत होतो.

बाबांनी कॉम्प्युटर सुरू केला, फ्लॉपी भरली, काकांच्या हातात दिली. टेंपो गेला. काकांनी स्वतःहून टेबलावर एक बुक्की मारून बघितली. काही नाही!

"मी तुला कपाळ विचारलं होतं," आई मला म्हणाली. "बटण दाखव असं कोणी म्हटलं?"

"जरा काकांना गेटपर्यंत सोडून ये," बाबांनी मला सांगितलं. पण काका निघता निघता बाबांनीच "एक मिनिट, एक दुरुस्ती राहिली" म्हणून फ्लॉपी परत घेतली, आत जाऊन चार बटणं दणादण हाणली आणि ती आणून दिली. मला वाटलं, शुद्धलेखन असेल.

स्नेहसंमेलनाला स्मरणिका घरोघरी गेली. दर वर्षीचं काम बाबांना मिळालं, पुढे लग्नपत्रिका आल्या, आणि व्हरांड्यातली खुर्ची टेबलाशी आली ती कायमची. त्या पहिल्या स्मरणिकेचं शेवटचं पान मात्र आमच्या भागातल्या मराठी माणसांना अजून पाठ आहे. अक्षरजुळणी : श्री. कानडे. त्याखाली, मी सांगितलं होतं तसं ठळक अक्षरात : तांत्रिक अडचणी : चि. मिलिंद कानडे.

आईने ते पान कापून देवघरावर लावलं, सर्टिफिकेटच्या जागी. त्याला रोज उदबत्ती मिळते. अक्षता मात्र ती लांबूनच टाकते.